भामटा कोण?

फसवणूक करणाऱ्या, हातचलाखीने दुसऱ्याचे धन लांबवणाऱ्या माणसाला मराठीत सर्रास ‘भामटा’ म्हटले जाते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द वारंवार भेटतो. वृद्धेचे दागिने लांबवणारा भामटा असतो, बँकेतून बोलतो असे सांगून दूरध्वनीवरून गंडा घालणाराही भामटाच असतो. हा शब्द वापरताना आपले मन क्षणभरही अडखळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या सूचीत चौदा नावे आहेत. त्यांत बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार यांच्या पंक्तीला ‘भामटा’ हेही एक नाव आहे आणि ‘राजपूत भामटा’ हे आणखी एक. म्हणजे ज्या शब्दाने आपण चोराला ओळखतो, तोच शब्द कुणा बालकाच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिलेला असतो. वर्गात हजेरी घेताना ते नाव मोठ्याने वाचले गेले, तर त्या बालकाच्या मनात काय होत असेल, याचा विचार भाषाशुद्धीसाठी लेखणी झिजवणाऱ्या आपल्या समाजाने कितीदा केला आहे?

एखाद्या समूहाविषयी रूढ असलेली प्रतिमा ओळखणे, तिचा उच्चार करणे, तिच्यात सत्याचा काही अंश आहे काय हे तपासणे, हा पूर्वग्रह आहे काय, हा प्रश्न सध्या वारंवार उपस्थित केला जातो. त्याची दोन तयार उत्तरे बाजारात आहेत. स्वतःला पुरोगामी म्हणवणारे विचारवंत सांगतात की, समूहाविषयी केलेले कोणतेही सामान्य विधान हा पूर्वग्रहच होय. असे विधान करणाऱ्याच्या मनात द्वेष असतो, हे त्यांच्या लेखी सिद्ध करण्याचीही आवश्यकता नसते. दुसरे उत्तर आपल्याच ओसरीवर, आपल्याच गप्पांत मिळते. आगीशिवाय धूर निघत नाही, इतकी शतके लोक म्हणत आले ते काय उगीच, असे ते उत्तर असते. या दोन्ही उत्तरांनी विचार करण्याचे कष्ट वाचतात. पहिल्याला वस्तुस्थिती पाहावी लागत नाही, दुसऱ्याला समोरचा माणूस पाहावा लागत नाही.

मुळात या विषयातील इंग्रजी शब्दच मुद्रणालयातून आलेला आहे. जुन्या छापखान्यात एकेक खिळा जुळवून पान तयार झाले की त्याचा साचा घेत आणि त्यावरून धातूचा एकसंध पत्रा ओतत. त्या पत्र्याला ‘स्टिरिओटाइप’ म्हणत. त्याचा लाभ असा की हजारो प्रती झपाट्याने निघत. त्याचा तोटा असा की त्यातील एकही अक्षर पुढे जागचे हलवता येत नसे. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली जनमतावर लिहिलेल्या ग्रंथात हा शब्द माणसाच्या डोक्यातील तयार चित्रांसाठी वापरला आणि तेथून तो समाजशास्त्रात रुळला. आपण त्याला ‘ठसा’ म्हणू. लिपमनचे म्हणणे असे होते की अफाट जग प्रत्येक वेळी नव्याने पाहणे माणसाला शक्य नसते, म्हणून तो ठशांच्या आधारे चालतो. यात पाप नाही. रटगर्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ली जसिम यांनी तर अनेक वर्षे हाच मुद्दा लावून धरला आहे की पुष्कळशा समूहप्रतिमा पाहणीत आढळणाऱ्या वस्तुस्थितीशी बऱ्यापैकी जुळतात, आणि ठसा म्हणजे असत्यच असे गृहीत धरणे हेच अशास्त्रीय आहे.

मग ठसा आणि पूर्वग्रह यांतील सीमारेषा कोठे आहे? ती गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली स्वच्छपणे आखून ठेवली आहे. आधीच बनवलेले मत म्हणजे पूर्वग्रह नव्हे. नवे ज्ञान समोर आल्यावरही जे मत बदलत नाही, ते पूर्वग्रह होय. प्रस्तुत लेखकास या विषयावर याहून उपयुक्त कसोटी आढळलेली नाही. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी रेवडी उडवली, ती ऐकून सर्वांत मोठ्याने हसला तो पुणेकरच, कारण त्या ठशामुळे पुणेकराचे घर, नोकरी वा स्वातंत्र्य धोक्यात येत नव्हते. सरदारजींवरील विनोदांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा २०१७ साली न्यायालयाने नागरिकांसाठी नैतिक आचरणाचे नियम आखून देण्यास नकार दिला. तो योग्यच होता. विनोदाचा न्याय विनोदाच्या मैफलीत व्हावा. परंतु ठशाच्या हाती जेव्हा दंडुका येतो, तेव्हा मैफल संपलेली असते.

तो दंडुका आपल्या देशात १२ ऑक्टोबर १८७१ रोजी आला. गुन्हेगार जमातींचा कायदा त्या दिवशी संमत झाला. कायदा करताना मांडलेला युक्तिवाद मोठा शास्त्रीय वाटावा असा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा पिढीजात चोरी करणाऱ्या जातीही असणारच, असे राज्यकर्त्यांनी ठरवले. हिंदू समाजाविषयीचे अर्धे ज्ञान पूर्ण अज्ञानाहून किती घातक ठरते, याचे हे उदाहरण आहे. प्रारंभी हा कायदा उत्तरेकडील प्रांतांपुरता होता, १८७६ साली तो बंगालला लागू झाला, १९११ साली मुंबई व मद्रास इलाख्यांसह देशभर पसरला आणि १९२४ साली त्याचे एकत्रित रूप सिद्ध झाले. जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्यातील माणसांची नोंदवही तयार होई. पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, नेमून दिलेली जागा सोडायची तर परवाना लागे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची तरतूद होती. नोंदवहीतील मनुष्य ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला की किमान सात वर्षे तुरुंगवास आणि तिसऱ्यांदा दोषी ठरला की जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा. त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या गावातील पाटलाच्या मुलाला हा हिशेब लागू नव्हता.

या कायद्यातील सर्वांत बोलके कलम वेगळेच आहे. शासनाने एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित केली, तर त्या अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करता कामा नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ऑलपोर्टची कसोटी येथे लावून पाहावी. नवे ज्ञान समोर आले तरी मत बदलायचे नाही, ही पूर्वग्रहाची व्याख्या इंग्रजांनी चक्क कायद्याच्या पुस्तकात छापून ठेवली होती. खुनी मनुष्याला आपण निर्दोष आहोत असे सांगण्याचा अधिकार होता, पारध्याला तो जन्मतः नव्हता.

आणि मग ठशाने आपले पुरावे आपणच तयार करण्यास आरंभ केला. हजेरी द्यावी लागते म्हणून दूरच्या गावी मजुरीला जाता येत नाही. नोंदवहीत नाव आहे म्हणून जवळच्या गावात कुणी कामावर ठेवत नाही. जमीन नाही, पत नाही, जामीन राहणारा कुणी नाही. अशा मनुष्याने रात्री कणसे खुडली की अधिकारी अहवाल लिहिणार, ‘जमात गुन्हेगारच आहे’. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात अशा जमातींची वसाहत उभारण्यात आली. आज कुंपण नाही, परंतु तो भाग अजूनही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. तेथून आलेल्या तरुणाने नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की पुढचे काही सांगावे लागत नाही.

या जमाती आधी काय करीत होत्या, हेही पाहिले पाहिजे. बंजारा बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करीत. मोठमोठ्या सैन्यांची रसद त्यांच्या पाठीवर चाले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, पुढे रूळ पसरत गेले, मिठावर सरकारी पकड बसली आणि तांड्यांचा व्यवसाय बुडाला. फासेपारधी फासे लावून तितर-लावे पकडे, हरणे धरी. रानावरील निर्बंधांनी ते आक्रसत गेले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, त्याचा हेतू कितीही उत्तम असला तरी, त्याचे उरलेसुरले उपजीविकेचे साधनच गुन्हा ठरले. रामोशी तर गावांचे आणि किल्ल्यांचे रखवालदार. ज्याच्या हाती गावाने आपल्या झोपेची किल्ली दिली होती, त्यालाच पेशवाईच्या अस्तानंतर हक्क काढून घेऊन दरोडेखोर ठरवले गेले. उमाजी नाईकांचे बंड त्यातूनच उभे राहिले, आणि वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली शस्त्र उचलले तेव्हा त्यांच्या पाठीशी पुण्यातील सुशिक्षित नव्हते, रामोशी होते.

सारा दोष इंग्रजांवर टाकून आपण मोकळे होऊ, हे मात्र या विषयात चालणार नाही. इंग्रजांनी कायदा केला हे खरे, परंतु ठसा कोरण्यासाठी लागणारा धातू त्यांनी येथूनच घेतला. कोणती जमात चोर, हे त्यांना आपल्याच गावकऱ्यांनी सांगितले. ‘भामटा’ हा शब्द लंडनहून आलेला नाही. पाल गावाबाहेर पडायचे, पाणी वरून ओतायचे, सणाला उरलेसुरले द्यायचे, ही व्यवस्था १८७१ पूर्वीची आहे. हिंदू समाज एक आहे असे आपण ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात हेही म्हटले गेले पाहिजे.

आता पुरोगामी उत्तराकडे वळू. समूहाविषयी बोलूच नका, हा त्यांचा उपाय. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांचे वैचारिक कूळ आणि आमचे कूळ वेगळे. परंतु आपल्या जमातीतील माणसे खिसे कापून, पाकिटे उचलून कशी जगत होती, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. पुस्तकाला नावही तेच दिले. मग गायकवाड पूर्वग्रहदूषित ठरतात काय? जे त्यांनी लिहिले तेच दुसऱ्या कुणी लिहिले असते तर त्याला पुरोगामी व्यासपीठावर पाय ठेवता आला नसता. म्हणजे कसोटी विधानाची नाही, विधान करणाऱ्याच्या कुळाची आहे. हा न्याय नव्हे. ही १८७१ च्या कायद्याचीच उलटी आवृत्ती आहे.

वस्तुतः जो प्रश्न नाकारतो, तो त्यावर काम करू शकत नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे नव्वदच्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जो प्रकल्प उभा राहिला, त्याचे काम विवेकच्या आणि तत्सम पत्रांच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना या कामाची प्रथमच वार्ता लागली, एवढेच. पारध्यांच्या पालावर जाणाऱ्या कार्यकर्त्याला ‘येथे कुणीच चोरी करीत नाही’ असे मानून चालत नाही आणि ‘येथे सगळेच चोर आहेत’ असे मानून तर पहिल्याच दिवशी परतावे लागते. त्याला प्रत्येक कुटुंब वेगळे पाहावे लागते. कोण कर्जात आहे, कुणावर खोटा गुन्हा आहे, कुणावर खरा आहे, कुणाच्या मुलाला शिकायचे आहे. ठसा ठाऊक असणे आणि ठशापाशी न थांबणे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी कराव्या लागतात. पुस्तकी विचारवंतांना यात विसंगती दिसते, कारण त्यांनी पाल पाहिलेला नसतो.

गणिताचा एक साधा मुद्दाही येथे सांगितला पाहिजे. कल्पना करा की एखाद्या वस्तीत शंभरांत दहा जण चोरी करतात आणि लगतच्या गावात शंभरांत दोन. ‘वस्तीत चोरीचे प्रमाण अधिक आहे’ हे विधान खरे आहे, ते करणाऱ्यावर द्वेषाचा आरोप करणे मूर्खपणाचे आहे. परंतु दरोडा पडल्यावर पोलिसांनी वस्तीतील शंभरही पुरुष गाडीत भरले, तर त्यांतील नव्वद निरपराध आहेत. विधान खरे असूनही कृती अन्यायाची झाली. समूहाविषयीचे सत्य व्यक्तीच्या अंगाला लावले की ते असत्य होते. पुरोगाम्यांना या वाक्याचा पूर्वार्ध मान्य होत नाही, आपल्याला उत्तरार्ध.

चोरीचा ठसा जितका घातक, तितकाच शौर्याचाही. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना अमुक जाती लढाऊ आणि तमुक बिनलढाऊ, असे शास्त्र लष्करात रूढ झाले आणि १८९२ साली महारांची भरती थांबवण्यात आली. ज्या समाजातून सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखे सैनिक निघाले, तो समाज एका आज्ञेने बिनलढाऊ ठरला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज-विनंत्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज सरली तशी १९२१ पर्यंत ती मोडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील लढाईतील बलिदानाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते याच रेजिमेंटचे. बंगाल्यांना मेकॉलेने भेकड ठरवले होते. त्याच बंगालने खुदीराम दिला, बाघा जतीन दिला, आणि १९१८ साली रौलट समितीला आपल्या अहवालाचा मोठा भाग त्या ‘भेकडां’वरच खर्ची घालावा लागला. त्याच अहवालात पुण्याच्या चित्पावनांवर कारस्थानी म्हणून ठसा मारलेला आहे.

आणि हा ठसा पुढे काय करतो, हे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी १९४८ साली पाहिले. गांधीजींची हत्या हे एका कटातील व्यक्तींचे दुष्कृत्य होते, ती करणाऱ्यांना न्यायालयाने शिक्षा दिली. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूरच्या परिसरात घरे पेटली ती आडनावे पाहून. त्या घरांतील माणसांना कुणी विचारले नाही की तुमचे मत काय, तुम्ही त्या दिवशी कोठे होतात. आडनाव हाच पुरावा होता. ज्यांच्या आजी-आजोबांनी ती राख पाहिली, त्यांना तरी पारध्याच्या पालावर रात्री दोन वाजता पडणारी धाड समजावून सांगावी लागू नये. तशी ती समजावून सांगावी लागते, हा अनुभव आहे.

ठशाच्या चिवटपणाचा एक निरुपद्रवी नमुनाही सांगतो. संघाच्या गणवेशातील खाकी अर्धी विजार २०१६ साली गेली. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी व्यंगचित्रकारांच्या हातून ती सुटायला तयार नाही. डोळ्यांसमोरील पूर्ण विजार त्यांना दिसत नाही असे नव्हे. ठसा तयार आहे, नवा ओतायला श्रम पडतात. आपल्याला यावर हसू येते. वडाराच्या मुलाला हसू येत नाही.

येथे वाचकांतील काही जण विचारतील की हा न्याय केवळ हिंदू जातींसाठी काय? चौदा नावांच्या त्याच सूचीत छप्परबंद आहेत आणि छप्परबंदांत मुसलमानही आहेत. कसोटी जर नव्या ज्ञानासमोर मत बदलण्याची असेल, तर ती दोघांना एकच असणार. जिहादी विचाराचा आणि संघटनांचा आपण निःसंकोच उच्चार करतो, तो केलाच पाहिजे, त्याला द्वेष म्हणणाऱ्यांना उत्तरही दिले पाहिजे. परंतु तो उच्चार शेजारी भाड्याने घर मागणाऱ्या कुटुंबाविषयीचा पुरावा होऊ शकत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त हा दिवस आपला स्वातंत्र्यदिन मानतात, देशाला मिळाले त्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी त्यांना मिळाले. ‘गुन्हेगार’ जाऊन ‘विमुक्त’ शब्द आला. आणि लगोलग निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीला लागू होणारे, जमातीला नव्हे. प्रत्यक्षात नोंदवह्या त्याच राहिल्या, हजेरीची सवय तीच राहिली. शब्द बदलला की अन्याय संपतो, या पुरोगामी श्रद्धेला यापेक्षा मोठा धक्का कोणता हवा? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्दबातल केल्या, तेव्हा विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणारे नियम त्या पुस्तिकांत शिल्लक होते, हे देशाला कळले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

गुन्हेगार जमातीची नोंद असलेल्या त्याच सूचीतील बंजारा समाजात गहुलीला जन्मलेले वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इतका दीर्घ काळ ते पद दुसऱ्या कुणालाही लाभलेले नाही. पन्नास वर्षांपूर्वी एवढे नवे ज्ञान समोर येऊनही तांड्यावरच्या मुलाकडे पाहणारी नजर किती बदलली, हे ज्याचे त्याने तपासावे.

वृत्तपत्रांच्या संपादकांनी फसवणाऱ्याला ‘ठकसेन’ म्हणावे, ‘लुच्चा’ म्हणावे, ‘चोर’ म्हणावे. मराठी काही त्यामुळे दरिद्री होणार नाही. शिक्षक असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा रकाना वर्गात मोठ्याने वाचण्याची पद्धत आपापल्या शाळेत बंद करावी, यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहसंकुलात चोरी झाली की पोलीस पहिला प्रश्न विचारतात, ‘कुणावर संशय?’ आणि समोरच्या मैदानात पाल पडलेला असला तर उत्तर तयार असते. तेथे जबाब देणाऱ्याने आपण डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगावे, आणि पालावरील माणसे उचलून नेली गेली तर कोणत्या पुराव्यावर नेली, हे ठाण्यावर जाऊन विचारावे.